थोरल्या महाराजांचे चालणे आणि माझी अडलेली पोथी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, मी काही लेखक नव्हे. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेला, सांगलीत राहणारा ७१ वर्षांचा गृहस्थ. यंदाच्या जयंती अंकासाठी मंदिरातल्या मंडळींनी लिहायला सांगितले, तेव्हा आधी नाहीच म्हटले. मग वाटले, थोरल्या महाराजांविषयी, म्हणजे प. प. श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांविषयी, गेले काही महिने जे मनात घोळते आहे ते तरी कागदावर उतरवावे. त्यांचे चरित्र मी आजवर तीनदा वाचले. पहिल्या दोन खेपेला वाचून ठेवून दिले. तिसऱ्या खेपेला ते उपयोगी पडले, कारण तेव्हा मी अडलो होतो.

आधी माझे अडणे सांगतो, नाहीतर पुढचे कळायचे नाही.

आमच्या घरी २६ वर्षे जयंतीच्या आधी श्रीगुरुचरित्राचा सप्ताह होत असे. वाचणारा मी, ऐकणारी ही. माझ्या पाटाशेजारी हिचे आसन, आणि ऐकता ऐकता हिचे हात फुलवाती वळत असायचे. पहिल्या दिवशी ९ अध्याय, दुसऱ्या दिवशी २१ पर्यंत, तिसऱ्या दिवशी २९, मग ३५, ३८, ४३ आणि सातव्या दिवशी समाप्ती, असा आमचा क्रम. गेल्या वर्षी दोन दिवस नीट पार पडले. तिसऱ्या दिवशी पहाटे बाविसावा अध्याय काढून बसलो आणि हिच्या छातीत दुखू लागले. पानात खूण घातली, पोथी मिटली आणि रिक्षा बघायला धावलो. पौषात ही गेली.

त्यानंतर पोथी उघडली नाही. रुसवा होता असे नाही. देवाशी भांडण करावे एवढा जोर अंगात नव्हता. सकाळी उठायचे, चहा घ्यायचा, पडवीत खुर्ची टाकून बसायचे, ते जेवायला हाक येईपर्यंत. गल्लीच्या टोकाला दत्तमंदिर, पण संध्याकाळच्या आरतीला जाणेही सुटले. लोक विचारायचे, मी गुडघ्यांचे कारण सांगायचो. खरे तर गुडघे होते तसेच होते. मुलगा म्हणे बाबा चला जरा फिरून येऊ, सूनबाई म्हणे पोथी काढून देऊ का. मी म्हणायचो, उद्या. त्या उद्याचे पाच महिने झाले.

आणखी एक गोष्ट मनात सलत होती. सप्ताह मोडला होता. मोडलेला सप्ताह पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. सात दिवस सोवळे, एकभुक्त राहणे, तासन् तास मांडी घालून बसणे, आणि शेजारचे आसन रिकामे. एवढा डोंगर नुसता डोळ्यांपुढे आला तरी मी खुर्चीत जास्तच रुतायचो.

ज्येष्ठ सरता सरता मंदिराचे गुरुजी घरी आले. आषाढ शुद्ध प्रतिपदा ही महाराजांची पुण्यतिथी. त्या निमित्ताने त्यांनी महाराजांचे एक जुने चरित्र माझ्या हातात ठेवले आणि रोज दोन पाने वाचा, एवढेच सांगून गेले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दोन पानांवर माझे डोळे टिकतही नव्हते. तेव्हा दोन पाने, तर दोन पाने.

महाराजांचा जन्म सावंतवाडी संस्थानातल्या माणगावचा, श्रावण वद्य पंचमी, शके १७७६, म्हणजे सन १८५४. आज हे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात येते. आजोबा हरिभट, वडील गणेशभट, आई रमाबाई. वडील दत्तभक्त. गाणगापुरात राहून त्यांनी वर्षानुवर्षे सेवा केली होती. घरी श्रीमंती नव्हती. होते ते आजोबांचे शिकवणे. आठव्या वर्षी मुंज झाली आणि संध्या, गायत्री, वेदपठण सुरू झाले.

पूर्वी मी चरित्र वाचायचो ते चमत्कार शोधत. कुणाचे भूत उतरले, कुणाला दृष्टांत झाला, तेवढे वाचायचे आणि मधली पाने भराभर उलटायची. यंदा दोनच पाने वाचायची असल्याने उलटायला काही उरलेच नाही. मग मधले दिसू लागले. काय दिसले? एक मुलगा रोज पहाटे उठतो, स्नान करतो, संध्या करतो, पाठ म्हणतो. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पायात वहाण नाही, परान्न नाही, नेमात खंड नाही. यात कौतुकाने सांगावे असे एका दिवसात काहीच घडत नाही. वीस वर्षांत मात्र माणूस घडतो.

एकविसाव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. पत्नीचे नाव अन्नपूर्णाबाई. पुढे वडील गेले, घराचा भार अंगावर आला. शरीराची साथ बेताचीच. संग्रहणीचा विकार मागे लागला तो कायमचा. ज्यांना पोटाचे दुखणे ठाऊक आहे त्यांना कळेल, की हा आजार माणसाला आडवा करत नाही, पण उभेही राहू देत नाही. रोज सकाळी उठताना अंगातली शक्ती आधीच गेलेली असते. चरित्रात हा विकार पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. आणि महाराज पुन्हा पुन्हा चालू लागतात.

पहिले मोठे चालणे नरसोबाच्या वाडीचे. स्वप्नात वाडीला येण्याची आज्ञा झाली. गाठीला पैसा नाही. कोकणातले माणगाव कुठे आणि घाटावरची कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची वाडी कुठे! मध्ये सह्याद्री उभा. आम्ही सांगलीकर अर्ध्या पाऊण तासात एसटीने वाडीला पोचतो आणि बसायला जागा मिळाली नाही म्हणून कुरकुरतो. ते घाट चढून पायी आले. वाडीत त्यांना गोविंदस्वामींचा सहवास आणि उपदेश लाभला. मग एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा वाडीच्या वाऱ्या झाल्या.

अशाच एका वारीहून परतताना कागलला दत्तमूर्ती मिळाली, आणि १८८३ साली माणगावात दत्तमंदिर उभे राहिले. साधे, गावकऱ्यांच्या हातचे. तिथे सात वर्षे त्यांनी देवाची सेवा केली. सात वर्षे म्हणजे अडीच हजारांहून जास्त दिवस. रोज पूजा, रोज नैवेद्य, रोज येणाऱ्याचे गाऱ्हाणे ऐकणे. माणगावचे नाव दूरवर गेले, यात्रा भरू लागली. मग १८८९ साली गाव सोडण्याची आज्ञा झाली, तेव्हा जे इतक्या सायासाने उभे केले ते सगळे जागच्या जागी ठेवून पतिपत्नी निघाली. मागे वळून हिशेब केला नाही, पुढचा बेतही विचारला नाही. आज्ञा पुढच्या मुक्कामाची होती, तेवढे चालले.

वाटेत दुःख ठेवलेलेच होते. मूल झाले ते मृत जन्मले. त्यानंतरही दोघे चालत राहिली. १८९१ साली गोदावरीकाठी गंगाखेडला अन्नपूर्णाबाईंना महामारीने गाठले आणि त्या गेल्या. उत्तरक्रिया आटोपून चौदाव्या दिवशी महाराजांनी संन्यास घेतला. तेव्हा त्यांना सदतिसावे वर्ष चालू होते.

इथे मी पुस्तक मिटले. खरे सांगतो, मला राग आला. चौदाव्या दिवशी! मी पाच महिने खुर्चीतून उठलो नव्हतो. वाटले, ते अवतारी पुरुष, त्यांचे त्यांच्यापाशी. आपल्यासारख्या संसारी माणसाला याचा काय उपयोग? दोन दिवस पुस्तकाकडे पाहिले नाही.

तिसऱ्या दिवशी गुरुजी वाटेने जाताना डोकावले. त्यांना मी रागाचे बोललो. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की चौदावा दिवस तुम्ही एकटा काढून पाहता म्हणून तो उंच दिसतो. त्याच्या आधीच्या तीस वर्षांच्या पायऱ्या मोजा. आणि पुढचेही वाचा, संन्यास घेऊन ते कुठे जाऊन बसले का ते बघा. एवढे बोलून ते नैवेद्याची वेळ झाली म्हणून गेले.

पुढचे वाचले. बसले कुठेच नाहीत. उज्जैनला नारायणानंद सरस्वती स्वामींकडून दंड घेतला आणि पहिला चातुर्मास तिथेच केला. त्यानंतर शेवटपर्यंत चालणेच. संन्याशाचा नियम असा, की पावसाळ्यात एका ठिकाणी राहायचे आणि एरवी फिरत राहायचे. महाराजांचे असे २३ चातुर्मास झाले. ठिकाणे नुसती वाचत गेलो तरी देश फिरून होतो. गंगाकाठचे ब्रह्मावर्त, हिमालयातले बदरीकेदार, हरिद्वार, पश्चिमेला द्वारका, माळव्यातले महत्पूर, नामदेवरायांची नरसी, कावेरीच्या मुलखातले तंजावर, आंध्रातले कृष्णाकाठचे मुक्त्याला, वैनगंगेकाठची पवनी, तुंगभद्रेकाठचे हावनूर, कृष्णेच्या पात्रातले कुरुगड्डी, नर्मदेकाठचे चिखलदा आणि शेवटी गरुडेश्वर. सगळे अनवाणी. वाहन नाही, पैशाला स्पर्श नाही. दंड, कमंडलू, अंगावरची छाटी आणि पूजेतले देव. मिळेल ती भिक्षा, तीही पोटाच्या दुखण्यामुळे मोजकीच.

मी कारकून माणूस. आकडे दिसले की हात शिवशिवतो. कॅलेंडरच्या मागे गणित मांडले. कुणी रोज चार कोस, म्हणजे सुमारे १२ किलोमीटर चालला, तर महिन्याला ३६० किलोमीटर होतात. आठ महिन्यांत २,८०० च्या पुढे. हा हिशेब माझा, महाराजांनी असला हिशेब कधी ठेवला असेल असे वाटत नाही. पण त्याने माझे डोळे उघडले. तंजावरला जायचे आहे असे म्हणून कुणालाही एका दिवसात जाता येत नाही. रोज जाता येते ते पुढच्या गावाच्या पाणवठ्यापर्यंत. तिथे स्नान, दंडतर्पण, भिक्षा, आणि सकाळी पुन्हा पुढचा पाणवठा. हिमालय काय आणि कावेरी काय, पायाला दोन्ही एका वेळी एक पाऊलच.

दुसरी गोष्ट त्यांच्या ग्रंथांची. महाराजांचे लेखन इतके आहे, की पुढे त्यांचे शिष्य गुळवणी महाराज यांनी ते छापून प्रसिद्ध केले तेव्हा त्याचे १२ खंड झाले. संस्कृतातले दत्तपुराण आहे, मराठी दत्तमाहात्म्य आहे, स्तोत्रे तर किती तरी. आपण रोज आरतीनंतर म्हणतो ती करुणात्रिपदी त्यांचीच, आणि अठरा अक्षरांचा दिगंबरा मंत्रही त्यांनीच आपल्याला दिला. हे सगळे लिहिले केव्हा? बसायला मठ नाही, ग्रंथसंग्रह नाही, हाताखाली माणसे नाहीत. चालणे, नित्यकर्म आणि दर्शनाला येणाऱ्यांच्या शंका यांतून जेवढा वेळ उरेल तेवढ्यात.

त्यातही सप्तशती गुरुचरित्रसाराने मला थांबवले. आपल्या मूळ पोथीत ओव्या सात हजारांवर आहेत. महाराजांनी तिचे सार ७०० ओव्यांत आणले. द्विसाहस्री नावाने संस्कृतात दोन हजार श्लोकांतही तीच कथा सांगितली. सप्तशतीची गंमत अशी, की प्रत्येक ओवीतले तिसरे अक्षर घेऊन वाचत गेले की गीतेचा पंधरावा अध्याय तयार होतो. म्हणजे ओवी रचताना कथा सुटता कामा नये, अर्थ सुटता कामा नये आणि तिसरे अक्षर नेमके तेच यायला हवे. असे ७०० वेळा! हे काम झपाट्याने होत नाही. एक ओवी, मग एक अक्षर, मग पुढची ओवी.

आणि हा खटाटोप कुणासाठी? स्वतःला तर मूळ ग्रंथ मुखोद्गतच म्हणायचा. ज्यांना सात हजार ओव्यांचा डोंगर चढवत नाही, वेळ नाही, प्रकृती नाही, त्यांच्यासाठी ही लहान वाट. त्यांनी मुलांसाठी कुमारशिक्षा लिहिली, तरुणांसाठी युवशिक्षा आणि आपल्यासारख्यांसाठी वृद्धशिक्षा. कुरुगड्डीला १९११ साली केलेले घोरकष्टोद्धरण स्तोत्र पाचच श्लोकांचे. घोर कष्टात पडलेल्या माणसाला पन्नास श्लोक म्हणायचे बळ नसते, हे त्यांना ठाऊक असणारच, असे मला आपले वाटते. जो स्वतः दुखण्यात चालला, त्याला थकलेल्याची लांबी-रुंदी बरोबर कळते.

हे वाचून त्या दिवशी मी खुर्चीतून उठलो आणि सूनबाईला पोथी काढून द्यायला सांगितली. तिने वरच्या फळीवरून लाल कापडातली पोथी काढली, पुसली आणि चौरंगावर ठेवली. त्या दिवशी एवढेच. मी नमस्कार केला आणि पुन्हा पडवीत आलो. वाटले होते काही तरी भरून येईल. काही आले नाही. फक्त पोथी आता फळीवर नव्हती, चौरंगावर होती.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारले, सप्ताह मोडला त्याचे काय. ते म्हणाले, सप्ताह करायचा तेव्हा त्याच्या नेमाने करा. आता नित्यपाठ धरा. नित्यपाठाला रोज किती, याची सक्ती नाही. जिथे खूण आहे तिथून पाच ओव्या वाचा. मी म्हटले, पाच? मग एक वाचा, पण रोज, असे म्हणून ते हसले.

तसे ठरवले. स्नान झाल्यावर, चहाच्या आधी, पाटावर बसायचे. दिवा लावायचा. खुणेपासून पाच ओव्या वाचायच्या आणि पोथी मिटायची. मन म्हणाले आणखी वाच, तरी पहिला महिना वाचायचे नाही. हा शेवटचा नियम माझा मीच केला. पूर्वी माझे असेच व्हायचे. एखाद्या दिवशी उत्साह येऊन चार अध्याय वाचायचे आणि मग आठ दिवस नावही काढायचे नाही. उत्साहाच्या दिवशी सगळे खर्चून टाकले की पडेल दिवसासाठी काही उरत नाही.

खूण होती ती बाविसाव्या अध्यायात. ही कथा आपल्या सगळ्यांच्या माहितीची, गाणगापुरातल्या वांझ म्हशीची. श्रीगुरू गरीब ब्राह्मणाच्या दारी भिक्षेला येतात. तो घरी नाही, घरात देण्यासारखे काही नाही. दारातल्या म्हशीचे दूध दे म्हणतात. बाई म्हणते ती वांझ आहे, म्हातारी आहे, माती वाहायच्या कामाची आहे. तरी श्रीगुरू दोहायला सांगतात आणि बाई भांडे घेऊन बसते. २६ वर्षांत मी या अध्यायात दूध पाहिले होते. यंदा पाच-पाच ओव्यांनी गेलो तेव्हा त्याच्या आधीची बाई दिसली. म्हैस दूध देणार नाही हे तिला पक्के ठाऊक आहे. विश्वास बसला आणि मग ती उठली, असे नाही. ती आधी भांडे घेऊन बसली. दूध नंतर आले.

मला तेवढे पुरले. मन लागेल तेव्हा बसू, असे मी पाच महिने म्हणत होतो. भांडे घेऊन बसायचे माझे काम होते, दुधाचे नव्हते.

दिव्याचेही सांगायला हवे. देवघरातल्या स्टीलच्या डब्यात हिने वळलेल्या फुलवाती होत्या. सप्ताहासाठी वळलेल्या, तशाच राहिलेल्या. पहिल्या दिवशी त्यातली एक लावताना हात थरथरला. रोज एक वात कमी होणार. मोजल्या नाहीत, कारकून असूनही मोजल्या नाहीत. डब्याचा तळ दिसू लागला तेव्हा आठवडाभर मन कातर झाले आणि एकदा तर वाटले, दिवा न लावताच वाचावे, म्हणजे वाती उरतील. मग हिचा स्वभाव आठवला. वाती साठवायला वळल्या म्हणून हिने मला सोडले नसते. शेवटची वात लावली त्या दिवशी नातीला शेजारी बसवले आणि दोघांनी कापूस घेऊन वळायचा प्रयत्न केला. तिच्या चार बऱ्या झाल्या. माझ्या अजून बोळे होतात.

मंदिराचेही तसेच केले. पहिले आठ दिवस फक्त गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत. मग मंदिराच्या पायरीपर्यंत. पायरीवर बसून आतली आरती ऐकायची. कुणी आत बोलावले तर हात जोडायचे. नारळी पौर्णिमेला आत गेलो. कुणी काही विचारले नाही, एकाने फक्त सरकून जागा दिली. त्या जागेचे मोल मला माहीत.

सगळे सरळ झाले असे समजू नका. भाद्रपदात तापाने नऊ दिवस पडलो. पोथी बंद. पूर्वीचा मी असतो तर म्हटले असते, मोडला नेम, आता जयंतीनंतर बघू. दहाव्या दिवशी पाटावर बसलो तेव्हा हिशेबाची सवय आड आली, राहिलेल्या ४५ ओव्या एकदम भरून काढाव्यात असे वाटले. तेव्हा महाराजांचे चालणे आठवले. दुखण्यात मुक्काम लांबला तर त्यांनी पुढे धावून ते दिवस भरून काढले नाहीत. उठले आणि पुढच्या गावाकडे चालू लागले. मीही पाचच वाचल्या. आश्विनापासून मात्र बळ आले, पाचाच्या पंचवीस झाल्या, पुढे पन्नासही. तेही ओढून ताणून नव्हे.

महाराज शेवटी गरुडेश्वरी आले. १९१३ सालचा तेविसावा चातुर्मास नर्मदाकाठी तिथे झाला आणि १९१४ साली आषाढ शुद्ध प्रतिपदेला त्यांनी देह ठेवला. साठावे वर्ष पुरे झाले नव्हते. आज माझे वय त्याहून ११ वर्षांनी जास्त आहे, हे लिहिताना लाज वाटते. त्यांच्या पाऊलवाटेवरून पुढे किती जण चालले! नारेश्वरचे रंगावधूत महाराज, पुण्याचे गुळवणी महाराज, वाडीचे दीक्षित स्वामी. श्रीपाद श्रीवल्लभांचे जन्मस्थान पीठापूर आपल्याला पुन्हा ठाऊक झाले तेही महाराजांमुळेच. आणि ज्या माणगावातून ते रिकाम्या हाताने निघाले, तिथले त्यांचे दत्तमंदिर आज दत्तभक्तांचे मोठे स्थान आहे.

आपल्याला त्यांच्यासारखे व्हायचे नाही, होताही येणार नाही. संन्यास कुठला आणि हिमालय कुठला. पण आपल्यापैकी पुष्कळ जण माझ्यासारखे पडवीत बसलेले असतील. कुणाचा जोडीदार गेला असेल, कुणाचे पाय गेले असतील, कुणाची मुले परदेशी असतील. मोठा नेम झेपत नाही म्हणून लहानही सुटलेला असेल. त्यांना माझे एवढेच सांगणे, की आज पोथी फळीवरून चौरंगावर घ्या. वाचू नका हवे तर. उद्या एक ओवी. कोपऱ्यापर्यंत चालून या. मन लागत नाही, ही तक्रार देवापाशी खुशाल करा, पण पाटावर बसून करा.

हे लिहितो आहे तेव्हा माझी खूण अडतिसाव्या अध्यायात आहे. भास्कर ब्राह्मणाची कथा. तिघांपुरता शिधा घेऊन आलेला गरीब माणूस, आणि श्रीगुरूंच्या कृपेने त्यात सगळे गाव जेवले. पूर्वी हा अध्याय सप्ताहाच्या पाचव्या दिवशी घाईत संपायचा. आता मी त्याच्यापाशी सावकाश बसलो आहे. त्या ब्राह्मणाने शिधा थोडा आहे म्हणून घरी ठेवला असता तर काय झाले असते, एवढेच मनात येते.

यंदा आमच्या घरी सप्ताह नाही. जयंतीपर्यंत पोथी पुरी होईल असेही नाही, आणि त्याची रुखरुख वाटत नाही. जयंतीच्या सकाळी नेहमीच्या ओव्या वाचीन. नातीने वळलेली वात लावीन. हिचे आसन मी उचललेले नाही, हल्ली नातच त्यावर बसते. संध्याकाळी जन्मकाळाला मंदिरात येईन, पाळण्याची दोरी ओढीन, सुंठवडा घेईन. कुणी पायरीवर बसलेले दिसले, तर सरकून जागा देईन.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥